दानांगमधला आठवडा: बावीस वर्षांनी भेटलेली आई आणि न समजलेली मागणी

१९९७ साली व्हिएतनाममधील दानांग शहरात एका घरी सगळे कुटुंब एकत्र बसले होते. सुमारे सात वर्षांची असताना अमेरिकेला पाठवलेली मुलगी बावीस वर्षांनी आईला भेटायला आली होती आणि तिच्या आठवडाभराच्या मुक्कामाचे शेवटचे दिवस उरले होते. थोरल्या भावाने (आई एक, वडील वेगळे) दुभाष्यामार्फत तिच्यापुढे विषय काढला. आईला अमेरिकेत नेता येईल का, आणि ते शक्य नसेल तर आईच्या खर्चासाठी दरमहा काही रक्कम पाठवता येईल का, असे त्याने विचारले. ती रडू लागली आणि उठून गेली. घरच्यांना आपले काय चुकले ते कळेना. ती मात्र मनाशी समजून चुकली होती की या माणसांना आपण नको आहोत, आपल्याकडचा पैसा हवा आहे.

हे प्रकरण खरे आहे. मुलीचे जन्मनाव माय थी हिएप, अमेरिकेतील नाव हायडी आणि आईचे नाव माय थी किम. गेल डॉल्गिन आणि विसेंते फ्रँको यांनी ही भेट ‘डॉटर फ्रॉम दानांग’ या माहितीपटात चित्रित केली. २००२ साली सनडान्स महोत्सवात त्याला माहितीपटांसाठीचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि पुढे ऑस्करसाठी त्याचे नामांकनही झाले. पुढील मांडणी त्या नोंदीवर आणि त्या काळाच्या ज्ञात इतिहासावर आधारलेली आहे. त्यातून काढलेले अर्थ मात्र माझे आहेत. या प्रसंगाकडे बहुतेक प्रेक्षक ‘लोभी नातेवाईक’ किंवा ‘कोरडी अमेरिकन मुलगी’ यांपैकी एका बाजूने पाहतात. मला दोन्ही वाचने अन्यायाची वाटतात.

पाठवणी

माय थी किम यांचा नवरा युद्धात व्हिएतकाँगच्या, म्हणजे दक्षिणेचे सरकार आणि अमेरिका यांच्याविरुद्ध लढणाऱ्या कम्युनिस्ट गनिमांच्या, बाजूने लढायला गेला होता. पदरी तीन मुले होती. पोटासाठी त्या अमेरिकन लष्कराच्या तळावर कामाला लागल्या आणि तेथील एका अमेरिकनापासून त्यांना हिएप झाली. अशा मुलांना व्हिएतनामीत ‘कॉन लाय’, म्हणजे मिश्र रक्ताचे मूल, म्हणत, आणि रस्त्यावर वाढणाऱ्या मुलांसाठी असलेला ‘बुई दोय’, म्हणजे जगण्याची धूळ, हा शब्दही त्यांना सर्रास चिकटवला जाई. चेहऱ्यावरूनच बाप कोण ते ओळखू येत असे आणि तो शत्रूचा माणूस होता.

मार्च १९७५ मध्ये उत्तरेचे सैन्य दक्षिणेकडे सरकू लागले तेव्हा अमेरिकनांपासून झालेली मुले मारली जातील अशी अफवा सगळीकडे पसरली. २९ मार्चला दानांग पडले. ३ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी अनाथ मुलांना विमानाने बाहेर काढण्याची घोषणा केली. ती मोहीम ‘ऑपरेशन बेबीलिफ्ट’ या नावाने ओळखली जाते. दुसऱ्याच दिवशी तिचे पहिले लष्करी विमान, सी-५ए गॅलेक्सी, उड्डाणानंतर मागचा दरवाजा निखळल्याने परत फिरले आणि सैगॉनच्या तान सोन न्युट विमानतळाजवळ शेतात कोसळले. त्यात १३८ जण मृत्युमुखी पडले आणि त्यांतली ७८ मुले होती. तरीही मोहीम चालू राहिली आणि ३० एप्रिलला सैगॉन पडण्याआधी अडीच हजारांहून अधिक मुले देशाबाहेर गेली. हिएप त्यांपैकी एक होती.

ती सगळी मुले अनाथ नव्हती, ही या प्रकरणाच्या मुळाशी असलेली गोष्ट आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओ तळावर उतरवलेल्या मुलांशी व्हिएतनामीत बोलण्यासाठी गेलेल्या स्वयंसेवकांत त्रान तुओंग न्यू या व्हिएतनामी अमेरिकन बाई होत्या. मुले त्यांना आपल्या आईबद्दल, भावंडांबद्दल सांगत होती. त्यातूनच १९७५ मध्ये ‘न्गुयेन दा येन विरुद्ध किसिंजर’ हा खटला अमेरिकेच्या न्यायालयात उभा राहिला, पण सर्व मुलांच्या वतीने एकत्रित दावा म्हणून तो टिकला नाही. पुढे पत्रकार झालेल्या याच न्यूबाई बावीस वर्षांनी हायडीबरोबर दानांगला गेल्या.

किम यांच्या दृष्टीने त्यांनी मूल सोडले नव्हते, ते वाचवायला पाठवले होते. व्हिएतनामीत दुसऱ्याच्या घरी वाढवायला दिलेल्या मुलाला ‘कॉन नुओय’ म्हणतात आणि ‘नुओय’ या शब्दाचा अर्थ खाऊपिऊ घालून वाढवणे. आपल्याकडे दत्तकविधान झाले की मुलाचे गोत्र बदलते, ते दुसऱ्या घराचे होते. त्या शब्दात तशी तोडून टाकण्याची कल्पना नाही. ज्याने वाढवले त्याचे ऋण वेगळे आणि जन्माचे नाते वेगळे, आणि दोन्ही एकाच वेळी चालू राहू शकतात. अमेरिकेच्या कायद्यातील दत्तक मात्र जन्माचे नाते कागदावरून पुसून टाकते. एकाच घटनेला आई ‘पाठवणी’ समजत होती आणि सरकारी कागद ‘त्याग’ म्हणत होते. हा फरक १९७५ साली किम यांना कोणी समजावून सांगितला असेल असे मला वाटत नाही. माहितीपटात त्या काळचे एक चित्रण आहे, ज्यात एक अमेरिकन कार्यकर्ती व्हिएतनामी आईला मूल पाठवून देण्यासाठी गळ घालताना दिसते. त्या आईच्या चेहऱ्यावरचा गोंधळ पाहवत नाही.

पुलास्कीतील बालपण

हायडी टेनेसी राज्यातील पुलास्की या लहान गावात वाढली. १८६५ साली कू क्लक्स क्लॅन या वंशद्वेषी संघटनेची स्थापना याच गावात झाली. दत्तक घेणारी बाई अविवाहित होती. आपला जन्म व्हिएतनाममध्ये झाला हे कोणालाही सांगायचे नाही, असे तिने मुलीला बजावले होते. मुलगी दिसायलाही बरीच गोरी असल्याने ते लपून राहिले. हळूहळू भाषा गेली आणि बऱ्याच आठवणीही गेल्या. ती तरुण झाल्यावर त्या आईशीही संबंध तुटले.

दानांगमधील बैठक समजून घ्यायची तर ही पूर्वपीठिका फार महत्त्वाची आहे. हायडी एका आईकडून दुसऱ्या आईकडे गेली आणि तिच्या समजुतीप्रमाणे दोघींनीही तिला दूर केले. त्यामुळे विमानात बसताना तिच्या मनात केवळ ओळख शोधण्याची इच्छा नव्हती. कोणतीही अट न घालता जवळ घेणारी आई आपल्याला कुठेतरी आहे, अशी आशा घेऊन ती निघाली होती. लग्न झालेली, दोन मुलींची आई असलेली ही बाई विमानतळावर उतरली तेव्हा तिच्या आत सात वर्षांची हिएपच उभी होती.

आधीचे दिवस

भेटीचे पहिले क्षण अपेक्षेप्रमाणे हुंदक्यांचे होते. पण पुढच्या दिवसांत ताण साचत गेला आणि तो पैशाच्या बोलण्याच्या कितीतरी आधीपासून होता. आई तिला क्षणभरही सोडत नव्हती. हात धरून बसणे, कुरवाळणे, सतत जवळ असणे हे सारे चालू होते. बावीस वर्षांची भूक एका आठवड्यात भागवायची होती, आणि त्या घरात कोणी एकटे असणे म्हणजे त्याला एकटे टाकणे असाच अर्थ होता. हायडीचा त्या जवळिकीत जीव गुदमरू लागला. उकाडा, गर्दी, बाजारातले वास, न कळणारी भाषा आणि प्रत्येक वाक्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याची सक्ती यांनी ती थकली होती. तिने अंग आखडून घेतले की घरच्यांना वाटे, ही लाजते आहे, आणि ते आणखी जवळ येत. थकलेल्या माणसाला ‘आज मला थोडा वेळ एकटे राहू द्या’ हे सांगण्याची सभ्य रीत तिथल्या भाषेत कोणती, हे तिला कोणी शिकवले नव्हते.

शब्दांत काय दडले होते

व्हिएतनामी भाषेत ‘मी’साठी ‘तोय’ हा शब्द आहे, पण घरात तो वापरणे म्हणजे तुटकपणा दाखवणे. आईशी बोलताना मूल स्वतःला ‘कॉन’, म्हणजे लेकरू, म्हणते आणि आईही त्याला ‘कॉन’च म्हणते. थोरल्या भावाला ‘आन’, थोरल्या बहिणीला ‘ची’ आणि धाकट्याला ‘एम’ म्हणतात, आणि बोलणाराही स्वतःचा उल्लेख याच शब्दांनी करतो. मराठीत आपण काका, आत्या, मावशी, दादा, ताई अशी हाक मारतो, पण वाक्याच्या आत ‘मी’ शाबूत राहतो. तिथे घरच्या माणसांशी बोलायला तोंड उघडतानाच आपली नात्यातली जागा घ्यावी लागते आणि त्या जागेबरोबर तिची कर्तव्येही येतात. ‘एम’ म्हणवून घेणाऱ्या धाकट्या बहिणीचे थोरल्यांनी ऐकून घेतले पाहिजे, तिला सांभाळून घेतले पाहिजे, आणि तिनेही घराचा भार आपल्या ऐपतीप्रमाणे उचलला पाहिजे.

हायडीच्या कानावर हे सगळे शब्द इंग्रजीतील ‘तू’ आणि ‘मी’ होऊनच पडत होते. दुभाष्याने वाक्याचा अर्थ बरोबर सांगितला असला तरी त्यातली जागा भाषांतरात गळून पडत होती. भावाच्या बोलण्याचा आशय असा होता की आजवर आईला आम्ही सांभाळले, आता या मुलीनेही तो भार घ्यावा. व्हिएतनामी कानाला यात ‘तू आमचीच आहेस’ हे आधी ऐकू येते आणि पैसा नंतर. परक्या माणसाकडे कोणी असा वाटा मागत नाही. आईवडिलांप्रती लेकराच्या कर्तव्याला तिथे ‘हिएऊ’ म्हणतात. प्रत्येक मुलाला पाठ असलेल्या एका लोकवचनात बापाच्या कष्टांना थाय सोन पर्वताची आणि आईच्या मायेला उगमातून अखंड वाहणाऱ्या पाण्याची उपमा दिलेली आहे, आणि ‘हिएऊ’ पूर्णपणे पाळणे हाच लेकराचा धर्म असे त्याचे सांगणे आहे. तेव्हा त्या बैठकीत हिएपला कर्तव्यात सामावून घेतले जात होते. हायडीला मात्र हिशेब मांडला जातो आहे असे वाटले.

मागणीचे दुसरे कारण इतिहासात आहे आणि ते सहसा कोणी सांगत नाही. डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकेने अमेरेशियन, म्हणजे अमेरिकन बाप आणि आशियाई आई असलेल्या, मुलांना मायदेशी येऊ देण्याचा कायदा केला. त्याखाली अमेरिकन बापाच्या वीस हजारांहून अधिक मुलामुलींना आणि त्यांच्याबरोबर त्याहून कितीतरी अधिक नातेवाइकांना अमेरिकेत प्रवेश मिळाला. काल ‘धूळ’ म्हणून हिणवलेली मुले एकाएकी ‘सोन्याची मुले’ झाली आणि ज्यांच्या घरी असे मूल नव्हते अशी श्रीमंत कुटुंबेही ती पैसे देऊन आपलीशी करू लागली. दानांगच्या लोकांनी आपल्या डोळ्यांसमोर एका मिश्र मुलामागे अख्खी घरे विमानात बसताना पाहिली होती. किम यांचे मूल मात्र या कायद्याच्या बारा वर्षे आधीच गेले होते. तेव्हा आईला अमेरिकेत नेण्याची विचारणा ही हवेतली मागणी नव्हती. इतरांच्या घरी जे घडले ते आपल्याकडे का घडू नये, असा तो साधा प्रश्न होता.

त्यात १९९७चा व्हिएतनाम गरीब होता. १९८६ पासून ‘दोय मोय’ या आर्थिक सुधारणा सुरू झाल्या होत्या, फेब्रुवारी १९९४ मध्ये अमेरिकेने व्यापारबंदी उठवली होती आणि जुलै १९९५ मध्ये दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध सुरू झाले होते, तरी माणशी वार्षिक उत्पन्न चारशे डॉलरांच्या आतच होते. परदेशी स्थायिक झालेल्या व्हिएतनामी माणसाला ‘वियत कीएऊ’ म्हणतात आणि त्याने घरी पैसे पाठवणे हे गल्लीतल्या प्रत्येकाला गृहीत होते. महिना पन्नास डॉलर ही रक्कम अमेरिकेत किरकोळ वाटते, पण तिथे तेवढ्यात एका म्हातारीचा महिना सुखाने निघाला असता. भावाला आपण फार काही मागतो आहोत असे वाटण्याचे कारण नव्हते.

मराठी वाचकाची अडचण

हे प्रकरण मराठी वाचकापुढे ठेवताना एक सावधगिरी घ्यावी लागते. भारतात म्हातारपणी आईबाप मुलाकडे राहतात, तेव्हा आपल्याला ‘हिएऊ’ लगेच कळेल असे आपल्याला वाटते. ते अर्धेच खरे आहे. लेकीकडून घेणे हे आपल्या जुन्या रीतीत बसत नाही. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी जेवायचे नाही, असे मानणारी माणसे आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत होती. माहेरी आलेल्या लेकीची ओटी भरायची, तिला चार दिवस काम सांगायचे नाही आणि निघताना तिच्या हातावर काही ठेवायचे, हे आपल्या मनात पक्के बसलेले आहे. त्यामुळे बावीस वर्षांनी आलेल्या माहेरवाशिणीपुढे पैशाचा विषय काढणारा भाऊ मराठी मनाला चटकन निर्लज्ज वाटतो. हा आपला गैरसमज आहे. व्हिएतनाममध्ये पूर्वजांच्या पूजेचा मान थोरल्या मुलाकडे असला, तरी आईवडिलांना पोसण्याची अपेक्षा लेकींकडूनही असते आणि कमावणारी लेक घरी पैसे पाठवते यात कोणालाच कमीपणा वाटत नाही.

जबाबदारी कोणाची

माझ्या मते भाऊ दोषी नाही आणि हायडीही दोषी नाही. तिने ‘नाही’ म्हटले तो तिचा हक्क होता. ज्या देशाने तिला आठवणी लपवायला लावल्या त्याच देशात तिने आपला संसार उभा केला होता आणि ज्या कर्तव्याचे नावही तिला कोणी सांगितले नव्हते, ते एका संध्याकाळी स्वीकारण्याची अपेक्षा तिच्याकडून करणे क्रूरपणाचे होते. चूक मला त्या भेटीच्या आखणीत दिसते. मुक्काम आठवडाभराचाच होता. निघण्यापूर्वी पैशाबद्दल कुटुंबाशी कोणतीही स्पष्ट बोलणी झालेली दिसत नाहीत. भाषा जाणणारी माणसे सोबत होती, पण भाषांतर आणि तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुभाषा समोर पडलेले वाक्य सांगतो. ते वाक्य येणार आहे, ते कोणत्या सुरात येईल आणि त्याला ‘नाही’ म्हणूनही नाते कसे टिकवता येते, हे आधीच सांगणारे माणूस निराळे असावे लागते. आणि या सगळ्यावर कॅमेरा लावलेला होता. कॅमेऱ्यासमोर कोणीही माणूस आपले बोलणे मागे घ्यायला कचरतो.

मागण्याची वेळही दोन्ही बाजूंना वेगळी दिसली. हायडीच्या रीतीत नाते आधी घट्ट व्हावे आणि देणे-घेणे, झालेच तर, मग यावे. घरच्यांच्या रीतीत नाते घट्टच होते, ते जन्माने झालेले होते आणि बावीस वर्षांच्या ताटातुटीने त्यात काही फरक पडला नव्हता. मग ते नाते नव्याने जुळवायचे तरी काय? ज्या नात्याला तिच्या लेखी आठवडा झाला होता, ते त्यांच्या लेखी तिच्या वयाएवढे जुने होते.

पुण्या-मुंबईतून १९७० आणि १९८०च्या दशकांत अनेक मुले स्वीडन, नेदरलँड्स, जर्मनी अशा देशांत दत्तक गेली. परदेशी दत्तकावर पुरेसा अंकुश नव्हता म्हणूनच १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला त्याची नियमावली घालून द्यावी लागली. ती मुले आता चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि त्यांतली काही आईच्या शोधात येथे येतात. त्यांच्याबरोबर कागदपत्रे धुंडाळायला आणि बोलणे समजावून द्यायला बहुधा एखादी मराठी व्यक्ती असते. त्या व्यक्तीने आलेल्या माणसाला आदल्या दिवशीच सांगावे की घरचे लोक पगार विचारतील, लग्न झाले का ते विचारतील, भाच्याच्या नोकरीसाठी शब्द टाकतील, आणि यातले काहीच प्रेमाच्या विरुद्ध नाही. घरच्यांनाही सांगावे की पाहुणा दार लावून झोपला तर तो रुसलेला नाही, आणि त्याने ‘आता नाही’ म्हटले तर ते ‘कधीच नाही’ नव्हे. दुसऱ्या बाजूला कदाचित अशी आई असेल, जिने ही गोष्ट नवऱ्याला किंवा नंतरच्या मुलांना कधी सांगितलेलीच नाही. तिच्यासाठी मागणीपेक्षा ओळख उघड होण्याची भीती मोठी असते. म्हणून पहिली भेट घराबाहेर आणि मोजक्या माणसांत ठेवणे बरे. दानांगमध्ये किम यांच्या नवऱ्याने या मुलीला स्वीकारले होते. इतका मोठा अडथळा आधीच दूर झालेल्या घरातही पुढे जे व्हायचे ते झाले.

हायडी ठरल्याप्रमाणे अमेरिकेला परतली. दानांगहून पत्रे येत राहिली आणि त्यांत मदतीचा विषयही येत राहिला. माहितीपट संपतो तेव्हा दोन वर्षे उलटलेली असतात आणि तिने त्या पत्रांना उत्तर दिलेले नसते. आपण दार लावून घेतले आहे, पण त्याला कुलूप घातलेले नाही, अशा अर्थाचे ती शेवटी बोलते.